बंद दारापुढचा काकडा : साथीच्या हिवाळ्यात आपला नेम कसा टिकला?

बाणगंगाकाठ (धागाकर्ता) : १७ जानेवारी २०२१

काल सकाळी टीव्हीवर देशातील पहिली कोरोना लस टोचताना दाखवत होते, तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून टाळांची दोरी बदलत होते. जुनी सुती दोरी घामाने आणि धुक्याने कुजली होती. दुकानात मिळालेली नायलॉनची दोरी बोटाला काचते, म्हणून त्यांनी आईच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्यालाच पीळ दिला होता. मी त्यांना बातमी वाचून दाखवली. ‘‘आपला नंबर कधी?’’ एवढेच त्यांनी विचारले आणि दातात धरून गाठ घट्ट केली. वय ७४ आणि महिन्याभरापूर्वीच रुग्णालयातून घरी आलेला माणूस. ती गाठ पाहताना हा धागा काढावासा वाटला.

आमचे गाव फलटण तालुक्यात आहे. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या विठ्ठल मंदिरात महिनाभर काकडा होतो. येथील अनेकांना तो सांगायला नकोच; ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. पहाटे चारला भोंगा सुरू होतो. गार पाण्याने आंघोळ करून घोंगड्या पांघरलेली पंधरा-वीस माणसे जमतात, विणेकरी मध्ये उभा राहतो, आणि थंडीने उतरलेल्या पखवाजाला शेकोटीची ऊब दाखवल्याशिवाय तो बोलत नाही. देवाला जागे करणारे अभंग, भूपाळ्या, गवळणी असे करत शेवटी तुपात भिजवलेला कापडाचा पीळदार काकडा पेटवून आरती होते. त्यानंतर ज्याची पाळी असेल त्याच्या घरचा चहा. खरे सांगायचे तर लहानपणी मी त्या चहासाठीच जात असे.

२०२० साली अधिक अश्विन आल्यामुळे कोजागरी थेट ऑक्टोबरच्या अखेरीस आली आणि मंदिरे तर मार्चपासून बंद होती. आषाढीच्या आदल्या दिवशी, ३० जूनला, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला गेल्या होत्या. पालखीची वाट ज्या गावाने मोकळी पाहिली, त्याला त्यानंतर कशाचेच नवल वाटेनासे झाले होते. तरीही काकड्याचे काय करायचे, यावर पारावर तीन संध्याकाळी चर्चा झाली. पोलीस पाटलांनी स्पष्ट सांगितले की दार उघडणार नाही आणि माणसे जमणार नाहीत. तरुण मंडळींनी मोबाइलवरून काकडा ऐकवण्याची सूचना केली, ती ज्येष्ठांना पटली नाही. अखेर पाच जणांनी, मुसक्या बांधून, एकमेकांपासून दोन-दोन हात अंतर ठेवून मंदिराच्या जाळीच्या दाराबाहेर बसावे आणि बाकीच्यांनी भोंग्यावर ऐकत आपापल्या ओट्यावरून साथ द्यावी, असे ठरले.

मार्चपासून मी पुण्याची नोकरी घरूनच करत होतो, त्यामुळे इतक्या वर्षांनी प्रथमच पूर्ण काकडा ऐकला. पहाटेच्या काळोखात मंदिराकडून एक चरण यायचा आणि गल्लीतून, माळ्यावरून, गोठ्याच्या आडोशाने त्याचे धृपद उठायचे. कुठे एकच टाळ, कुठे नुसत्या टाळ्या, कुठे खोकला. वेळ जुळत नसे; आमच्या आळीचे धृपद मंदिराच्या दोन मात्रा मागे असायचे. अण्णा दाराशी बसणाऱ्या पाचांपैकी एक होते. आरतीच्या वेळी ते पेटता काकडा जाळीपुढे धरत आणि आतला देव दिसत नसल्यामुळे अंदाजानेच ओवाळत.

१६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यभरातील प्रार्थनास्थळे उघडली. मला वाटले होते की अण्णा धावत गाभाऱ्यात जातील. ते आधी घरी परत आले, एक ओले फडके आणि थोडी राख घेऊन गेले आणि पंधरा-सोळा पहाटांची काजळी जाळीवरून घासून काढत बसले. दर्शन त्यांनी दुपारी घेतले.

कार्तिकीला पंढरपुरात संचारबंदी होती. अडतीस वर्षांत प्रथमच त्यांची वारी चुकली. त्या दिवशी त्यांनी उपवास केला, हरिपाठ म्हटला आणि कोणाशी फारसे बोलले नाहीत. आषाढीच्या शासकीय महापूजेत मानाचा वारकरी म्हणून मंदिरातच वीणेचा पहारा देणाऱ्या विणेकऱ्याला निवडले होते, ही गोष्ट त्यांनी मला त्या आठवड्यात तीन वेळा सांगितली. दार बंद असतानाही आत वीणा खाली ठेवलेली नव्हती, यात त्यांना कसला तरी मोठा आधार मिळत होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांना ताप आला. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात अकरा दिवस ठेवावे लागले. बोटावरच्या यंत्रातला आकडा ८८ वरून ९१ आणि पुन्हा ८९, असा खालीवर होत असताना आम्ही बाहेर गाडीत बसून होतो. अण्णांनी नंतर सांगितले की पावणेपाचच्या सुमारास एक परिचारिका सर्वांचे तापमान घ्यायला येत असे, आणि तिची चाहूल लागली की ते मनातल्या मनात काकडा सुरू करत आणि बोटांच्या पेरांवर अभंग मोजत. पांढऱ्या पोशाखावर छातीशी पेनाने लिहिलेल्या नावापलीकडे तिचे काही दिसत नव्हते. ‘‘पंढरपुरात मुखदर्शन सुरू झाले होते,’’ अण्णा म्हणाले, ‘‘आमच्या वॉर्डात मात्र कोणाचेच मुख दिसत नव्हते.’’ हे सांगताना ते हसले, म्हणून मीही हसलो.

मी स्वतः अर्धवट श्रद्धाळू आहे. अण्णा बरे झाले ते प्राणवायूमुळे आणि वेळेत मिळालेल्या औषधांमुळे, याबद्दल मला शंका नाही, आणि त्यांनाही नाही. तरीही त्या अकरा दिवसांत आमच्या सगळ्या घरात पुढच्या पहाटेचा कार्यक्रम ठरलेला असलेला तो एकटाच माणूस होता, असे राहून राहून वाटते. कार्तिकी पौर्णिमा होऊन गेल्यामुळे गावातला काकडा तेव्हा संपलेला होता; त्यांचा चालू होता. आपल्यापैकी कोणाचा असा काही नेम या हिवाळ्यात टिकला का, मोडला का, की नव्याने लागला, हे वाचायला आवडेल.

---

निंबोणी : १७ जानेवारी २०२१

काजळी घासणाऱ्या अण्णांना माझा नमस्कार सांगावा. आमच्याकडे सासूबाई दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जात. देऊळ बंद झाल्यावर त्या गुरुवारी त्याच वेळी, त्याच रस्त्याने देवळापर्यंत जाऊन बाहेरूनच पायरीला हात लावून परत येऊ लागल्या. मी एकदा चिडून विचारले की यातून काय मिळते, तर म्हणाल्या, ‘‘चालणे होते.’’ पुढे काय बोलावे, हे मला सुचले नाही.

---

निरीक्षक७१ : १८ जानेवारी २०२१

लेख मनापासून आवडला, आणि तरीही काही वेगळे मत नोंदवतो. धागाकर्त्यांनी राग मानू नये.

श्रद्धा आणि आशा या दोन शब्दांची आपण सहज जोडी लावतो. माझा अनुभव असा की मी पहिलीशिवाय दुसरीवर हे वर्ष काढले. मी नास्तिक आहे आणि मुंबईत धारावीपासून फार दूर राहत नाही. एप्रिलमध्ये तेथे पहिला रुग्ण सापडला, तेव्हा आमच्या इमारतीत लोकांनी दुधाच्या पिशव्या धुण्याबरोबर धारावीसाठी शोकही सुरू केला होता, कारण इतक्या दाटीच्या वस्तीत काही करता येईल असे कोणालाच वाटत नव्हते. महापालिकेच्या लोकांनी आणि तेथल्या खासगी डॉक्टरांनी घरोघर जाऊन तापमान आणि प्राणवायू तपासला, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेतली, सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा धुतली. २५ डिसेंबरला, १ एप्रिलनंतर प्रथमच, धारावीत एकही नवा रुग्ण नोंदला गेला नाही. मला त्या शून्याने जो धीर दिला, तो कोणत्याही आरतीने दिला नसता.

दुसरी गोष्ट २१ डिसेंबरची. त्या दिवशी विलायतेत पसरलेल्या कोरोना विषाणूच्या नव्या प्रकारामुळे तेथून येणारी विमाने थांबवण्याचा निर्णय झाला, आणि महापालिका क्षेत्रांत रात्रीची संचारबंदी जाहीर झाली. आठ महिन्यांचा थकवा एका दुपारी परत आला. संध्याकाळी मुलीने गच्चीवर ओढून नेले, कारण गुरू आणि शनी यांची युती होती. नैर्ऋत्येला, टाकीच्या वर, दोन ग्रह जवळजवळ चिकटून उभे होते. १६२३ नंतर ते एकमेकांच्या इतके जवळ दिसले नव्हते. शेजारच्या गच्चीवरच्या आजोबांनी हात जोडले आणि मुलीने दुर्बीण जोडली. पुन्हा असे जवळून २०८० साली दिसतील, असे मी सांगितल्यावर तिने हिशेब केला आणि ‘‘तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची असेन’’ असे अगदी सहज म्हणाली. आपण एकाहत्तर वर्षांचे होणार, हे तिने गृहीत धरले होते. मी गच्चीवरून खाली आलो तो त्या गृहीतकावर.

राहिला प्रश्न काकड्याचा. पाच जणांनी अंतर राखून बसण्याचा आपल्या गावाचा निर्णय मला सुज्ञपणाचा वाटतो. सर्व गावांनी तसा विवेक दाखवला नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

---

मुळामुठा : १८ जानेवारी २०२१

निरीक्षक यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. त्यांच्या आरतीविषयीच्या वाक्याला मात्र मी माझ्या घराच्या खिडकीतून दिसणारे उत्तर देतो.

मी हडपसरला राहतो, मांजरीच्या रस्त्यावर. १२ जानेवारीच्या पहाटे पाचच्या आसपास लशींच्या पहिल्या खोक्यांनी भरलेले तीन ट्रक सीरम इन्स्टिट्यूटमधून विमानतळाकडे निघाले. निघण्यापूर्वी गाड्यांची पूजा झाली. समाजमाध्यमांवर त्यावर बरीच थट्टा झाली आणि सकाळी मीही त्या थट्टेत सामील होतो. दुपारी विचार केला की आतल्या थंड खोक्यात शुद्ध विज्ञान आहे आणि बाहेर बोनेटवर कोणीतरी हळदीकुंकू वाहिले आहे. ज्याने वाहिले त्याने खोक्याचे तापमान तर बिघडवलेले नाही. आपल्याकडे नवी गाडी, नवी विहीर आणि नवे वर्ष असेच सुरू होते.

याच परिसराची आणखी एक आठवण सांगतो, कारण ती हिवाळ्याची आणि साथीचीच आहे. १८९६ च्या अखेरीस मुंबईतून प्लेग पुण्यात आला. सरकारी तपासणीच्या आणि छावणीत नेण्याच्या धास्तीने लोक आजारी माणसे लपवू लागले, गावेच्या गावे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहू लागली. सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी तेव्हा हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना घातला. तेथे सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्यातील एका दलित मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळल्यावर त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंढवा ते हडपसर हे अंतर मी आजवर रिक्षानेच गेलो होतो. गेल्या महिन्यात एका सकाळी मुद्दाम चालून पाहिले. पाठीवर फक्त पाण्याची बाटली असतानाही दमछाक झाली, आणि मी त्यांच्याहून कितीतरी लहान आहे.

त्याच हिवाळ्यात, १० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. सावित्रीबाई सत्यशोधक, हाफकिन जिवाणूशास्त्रज्ञ. यांपैकी कोणाच्या कृतीला श्रद्धा म्हणायचे आणि कोणाच्या कृतीला आशा, याची वाटणी मला करता येत नाही. निरीक्षकांना येत असेल तर त्यांनी जरूर करावी.

---

निरीक्षक७१ : १८ जानेवारी २०२१

वाटणी मलाही येत नाही. आरतीबद्दलचे म्हणणे मागे घेत नाही, पण मुंढव्यापासून चालत येईन म्हणतो.

---

वसईची लेक : १९ जानेवारी २०२१

धागाकर्त्यांच्या गावातील ओट्यांवरून दिलेल्या साथीचे वर्णन वाचताना माझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली, म्हणून आमच्याकडचे लिहिते.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. नाताळच्या आधीचे चार रविवार आमच्याकडे आगमनकाळ म्हणून पाळतात. हिरव्या पाल्याच्या कड्यात चार मेणबत्त्या असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दर रविवारी एक अधिक पेटवायची. पहिली आशेची. गेल्या वर्षी तो पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आला, म्हणजे आपल्या अण्णांचा काकडा संपण्याच्या आदल्या दिवशी. चर्च नुकतेच उघडले होते, पण साठीपुढच्यांनी येऊ नये अशी सूचना होती. आजी ८१ वर्षांची. तिने आयुष्यात आजारपणाखेरीज रविवारची मिस्सा चुकवलेली नव्हती, आणि सूचना ऐकल्यावर तिने विचारले, ‘‘मग मी आजारी आहे का?’’

चुलतभावाने तिला मोबाइलवर मिस्सा लावून दिली. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून स्वयंपाकघरातील ओट्यावर ठेवला जाई. बाकीचे आम्ही खुर्च्यांवर बसून पाहत असू. आजी मात्र डोक्यावर पदर घेऊन, शुभवर्तमान वाचताना उभी राहायची, पुढे गुडघे टेकायची आणि सगळी उत्तरे मोठ्याने द्यायची. नेट अडकून फादर हात वर केलेल्या स्थितीत थिजले की आजीही तशीच थांबायची. चित्र हलायला लागेपर्यंत तिने एकदाही मान वळवली नाही. आम्हाला आधी हसू आवरत नसे. तिसऱ्या रविवारपर्यंत आम्हीही उभे राहू लागलो होतो.

नाताळला चर्चमध्ये एका वेळी पन्नासच माणसांना परवानगी होती आणि रात्रीच्या संचारबंदीमुळे मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच झाली. आमच्या वाड्यातून कोणत्या घराने कोणत्या मिस्सेला जायचे, याच्या चिठ्ठ्या निघाल्या. आमच्या घराला दोन जागा मिळाल्या आणि त्या कोणी घ्यायच्या, यावरून भावाभावांत जो वाद झाला तो लिहिण्याजोगा नाही. शेवटी कोणीच गेले नाही. जागा शेजारच्या घराला दिल्या, कारण त्यांच्याकडे जुलैत एक मृत्यू झाला होता. आजीने मध्यरात्री उठून गोठ्यातल्या बाळ येशूला एकटीने गव्हाणीत ठेवले. हे आम्हाला सकाळी कळले.

---

रानजाई : १९ जानेवारी २०२१

सर्वांचे अनुभव वाचले. माझा वेगळा आहे, पण तो येथे असायला हवा असे वाटते.

माझी आई सप्टेंबरमध्ये गेली. तिचा नेम अण्णांच्या तोडीचा होता. पहाटेची पूजा, चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार. यांतले काही तिने कधी मोडले नाही. रुग्णवाहिकेत बसतानाही तिने मला देवघरातील समई मालवू नकोस, तेल घाल, असे सांगितले. मी नऊ दिवस तेल घातले. नवव्या दिवशी फोन आला. तोंड पाहायला मिळाले नाही. काचेपलीकडे बांधलेले काहीतरी दाखवले गेले आणि ती माझी आई आहे, यावर मी विश्वास ठेवावा असे सांगण्यात आले. दहाव्याला चार माणसे होती.

त्या दिवसापासून मी दिवा लावलेला नाही. मी रागावले आहे असेही नाही. राग धरण्यासाठी समोर कोणीतरी आहे, असे मानावे लागते. ‘नेमाने बळ मिळते’ हे वाक्य मला गेल्या चार महिन्यांत इतक्या लोकांनी ऐकवले आहे की त्या वाक्याचीच धास्ती वाटते. तिचाही नेम होता. धागाकर्त्यांनी त्यांच्या वडिलांबद्दल तसे वाक्य लिहिले नाही, म्हणूनच मी हे लिहू शकले.

---

बाणगंगाकाठ (धागाकर्ता) : १९ जानेवारी २०२१

रानजाईताई, आपला प्रतिसाद मी अण्णांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला आजवर ठाऊक नव्हती, आणि ती आपल्याला कळवण्याची परवानगी दिली.

रुग्णालयात त्यांच्या डाव्या बाजूच्या खाटेवर फलटणकडचेच एक गृहस्थ होते, तेही माळकरी. दोघे मिळून पेरांवर अभंग मोजत. अण्णांनी एक चरण पुटपुटायचा, त्यांनी बोटाने खाटेच्या लोखंडावर ठेका धरायचा. सातव्या पहाटे ठेका आला नाही. अण्णांनी त्या दिवशी काकडा अर्ध्यात सोडला, आणि आठव्या दिवशी म्हटलाच नाही. परिचारिका आली, तापमान घेऊन गेली, आणि ते कुशीवर वळून भिंतीकडे पाहत राहिले. नवव्या दिवशी पुन्हा का म्हटला, असे मी विचारले. ‘‘जाग आली होती,’’ असे ते म्हणाले. यापेक्षा अधिक त्यांच्याकडून काही निघाले नाही, आणि मीही विचारले नाही.

अकरा दिवसांचा अखंड नेम म्हणून मी जे मूळ लेखात लिहिले, ते त्यामुळे खरे नाही. दुरुस्ती येथेच नोंदवतो. लेखातील मजकूर तसाच ठेवतो.

---

दूरदेशी : २१ जानेवारी २०२१

मी सांगलीची, गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते आणि एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. आमच्या शहराला स्थानिक टाळेबंदी लागली ती ३० जूनला, आणि तेव्हापासून येथे बंधने पूर्णपणे कधी उठलीच नाहीत. डिसेंबरात पावणेचार-चारला सूर्य मावळतो. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार, आणि मधला दिवस तळघरातील दिव्याखाली. मला या हिवाळ्यात देव आठवत नव्हता, हे आधीच सांगते.

८ डिसेंबरला येथून जवळच कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात मार्गारेट कीनन या नव्वद वर्षांच्या आजींना पहिली लस मिळाली आणि थोड्याच दिवसांत आमच्याकडेही कुप्या आल्या. उणे सत्तर अंशांतून काढून वितळलेली कुपी पातळ करण्यापूर्वी हलकेच दहा वेळा उलटसुलट करायची, मग त्यात १.८ मिलिलिटर सलाईन घालायचे आणि पुन्हा दहा वेळा उलटसुलट करायची. घुसळायची अजिबात नाही. घुसळली तर लस वाया जाते. पहिल्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते की मोजणी चुकायची भीती वाटली. इंग्रजीत मोजत होते, ते आपोआप मराठीत आले, आणि मग आकड्यांच्या जागी कधी ‘विठ्ठल, विठ्ठल’ सुरू झाले, हे कळले नाही. दहा वेळा विठ्ठल, सलाईन, पुन्हा दहा वेळा विठ्ठल. आजोबा सांगलीत असेच दूध नासू नये म्हणून ढवळताना मोजत. शेजारी उभ्या असलेल्या पोर्तुगीज सहकारिणीने विचारले की ही कोणती मोजणी, तर मी ‘आमच्या गावाकडची’ असे सांगितले.

कुपीवर पाच डोस असे लिहिलेले होते. पाच काढल्यावरही तळाशी काही उरते, आणि योग्य सुई वापरली तर त्यात पूर्ण सहावा डोस निघतो, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले आणि तो वापरण्याची परवानगीही मिळाली. त्यानंतर आमच्या विभागात दर कुपीमागे एकच उत्सुकता असे, सहावा निघाला का. निघाला की कोणीतरी दाराशी उभ्या असलेल्या सफाई कर्मचाऱ्याला किंवा हमालाला हाक मारून आणायचे, कारण तो डोस फेकायचा नव्हता आणि यादीतली माणसे त्या दिवशीची संपलेली असत. मला स्वतःला लस मिळाली तीही अशाच एका सहाव्यातली.

---

निंबोणी : २१ जानेवारी २०२१

सहावा निघाला का, हे आता आमच्या घरात रोज विचारले जाईल.

---

मुळामुठा : १८ ऑक्टोबर २०२१

धागा वर काढतो आहे, कारण उद्या कोजागरी आहे आणि ७ तारखेपासून मंदिरे पुन्हा उघडली आहेत. एप्रिल-मेमध्ये येथे काय झाले ते कोणालाच नव्याने सांगायला नको. जानेवारीत आपण किती निवांतपणे ‘त्या हिवाळ्यात’ असे लिहीत होतो, जणू काही तो संपला होता. बाणगंगाकाठ, अण्णा कसे आहेत?

---

बाणगंगाकाठ (धागाकर्ता) : १८ ऑक्टोबर २०२१

अण्णा ठीक आहेत. साठीपुढच्यांचे लसीकरण सुरू झाले, त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी रांगेत उभे राहून लस घेतली. दुसरीही झाली आहे. चढावर धाप लागते. जाळीच्या दारापुढे बसणाऱ्या पाचांपैकी दोघे एप्रिलमध्ये गेले, त्यांत आमचे विणेकरी होते. वीणा कोणी घ्यायची, यावर पारावर पुन्हा तीन संध्याकाळी झाल्या. अण्णांना विचारले होते. एवढा वेळ उभे राहवणार नाही, म्हणून त्यांनी नकार दिला. विणेकऱ्यांचा नातू घेणार आहे. त्याला अभंग अर्धेच पाठ आहेत, त्यामुळे अण्णा दोन आठवडे त्याच्याकडून रोज घोकून घेत आहेत आणि तो रोज उशिरा येतो म्हणून त्याच्यावर ओरडत आहेत.

---

रानजाई : १८ ऑक्टोबर २०२१

अण्णा ओरडत आहेत हे वाचून बरे वाटले.

मी अजून दिवा लावत नाही. जूनपासून नणंद आमच्याकडे राहायला आली आहे, ती संध्याकाळी लावते. वाती संपत आल्या की मला दिसते आणि मी बाजारातून आणून ठेवते. एवढेच आहे.

---

बाणगंगाकाठ (धागाकर्ता) : १८ ऑक्टोबर २०२१

ताई, अण्णांना सांगतो. ते विचारत आहेत की वाती फुलवाती आणता की लांब. लांब हव्या असतील तर आमच्याकडे आईने हिवाळ्यात वळून ठेवलेल्या भरपूर आहेत, पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवावा.

पहिल्या दिवशीचा चहा आमच्याकडे आहे. पहाटे चार, आणि पखवाज उतरला असेल तर सव्वाचार.